सिग्निफिकंट फिगर्स कसे ओळखायचे: आधी माप वाचा, मग अंक मोजा

सिग्निफिकंट फिगर्स म्हणजेच सार्थ अंक हा टॉपिक बहुतेक जण पाच नियम पाठ करून उरकतात, आणि मग परीक्षेत ०.०५०२० असा आकडा आला की कुठला शून्य धरायचा आणि कुठला सोडायचा यात गोंधळ उडतो. माझं म्हणणं असं आहे की नियम पाठ करायच्या आधी आकडा आला कुठून ते बघा. मोजलेला आकडा म्हणजे एक नोंद असते. कोणीतरी एक उपकरण वापरलं, त्या उपकरणाने अमुक इतकं बारीक दाखवलं, आणि त्याने तेवढंच लिहिलं. सार्थ अंक मोजणं म्हणजे ती नोंद किती बारीक होती ते ओळखणं. हे एकदा डोक्यात बसलं ना की नियम आपोआप सुचतात.

तर सुरुवात उपकरणापासून. समजा मीटरपट्टीने एक सळई मोजताय, पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा आहेत, सळईचं टोक ८.३ आणि ८.४ सेमीच्या मध्ये कुठेतरी येतंय. ८.३ तर नक्की आहे, त्यात वाद नाही. पुढचा अंक डोळ्याने अंदाज करायचा, साधारण मध्यावर दिसतंय म्हणून ८.३५ सेमी. इथे ८ आणि ३ खात्रीचे, ५ अंदाजाचा, आणि तिन्ही मिळून तीन सार्थ अंक. खात्रीचे सगळे अंक अधिक अंदाजाचा एक, ही पूर्ण व्याख्या आहे. अंदाजाचा अंक एकच घ्यायचा, ८.३५२ लिहायचं नाही कारण तो २ पट्टीने दाखवलेला नाही, तो आपण मनाने लावलाय. (काही ठिकाणी प्रॅक्टिकलमध्ये फक्त लीस्ट काऊंटपर्यंतच, म्हणजे उपकरणावरच्या सगळ्यात छोट्या भागापर्यंतच, रीडिंग लिहायला सांगतात, तिथे ती पद्धत पाळा, पण मग सगळ्या जर्नलमध्ये तीच पाळा.)

आता समजा टोक बरोब्बर ८.३ च्या रेघेवरच आलं. इथे बहुतेक जण ८.३ लिहून मोकळे होतात. पण लिहायचं ८.३० सेमी! कारण तुम्ही पुढच्या अंकाची जागा बघितली आणि तिथे शून्य सापडला. ८.३ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की यांनी सेंटीमीटरच्या दहाव्या भागाचाच अंदाज केलाय. ब्युरेटवर (द्रव मोजून सोडायची रेघांची काचनळी) पण तेच, रेघा ०.१ मिलीच्या असतात आणि मेनिस्कस, म्हणजे द्रवाचा वक्र पृष्ठभाग, रेघेवर बसला तरी रीडिंग २४.६० मिली असंच लिहायचं, २४.६ नाही. तो शेवटचा शून्य शोभेचा नाही, तो मोजलेला अंक आहे.

डिजिटल उपकरणात अंदाज करायचा प्रश्नच नाही, स्क्रीनवर जेवढे अंक दिसतात तेवढे उतरवायचे, शेवटच्या शून्यासकट. वजनकाट्यावर ५.२०० ग्रॅम दिसत असेल तर वहीत ५.२०० च. शेवटचा अंक वर-खाली होत असेल तर तोच तुमचा अनिश्चित अंक समजा. पण डिजिटलच्या बाबतीत एक सावधगिरी हवी, स्क्रीनवर अंक दिसला म्हणजे तो विश्वासाचा असतोच असं नाही, याबद्दल खाली लंबकाच्या उदाहरणात नीट लिहितो.

आता तयार आकडा समोर आला, कोणी मोजला माहीत नाही, तर अंक कसे मोजायचे? १ ते ९ मधला कुठलाही अंक सार्थच, तिथे विचार करायची गरज नाही. सगळी भानगड शून्याची आहे. शून्य दोन कामं करतो, कधी तो मोजून आलेला असतो आणि कधी नुसता दशांश चिन्ह जागेवर ठेवायला बसवलेला असतो. पहिला मोजायचा, दुसरा सोडायचा.

दोन अंकांच्या मध्ये अडकलेला शून्य कायम सार्थ. ४०७ मध्ये तीन, ३००.०७ मध्ये पाच. डावीकडचे, म्हणजे पहिल्या खऱ्या अंकाच्या आधीचे शून्य कधीच सार्थ नाहीत, मग ते पॉइंटच्या आधी असोत नाहीतर नंतर. ०.००४२ मध्ये फक्त दोन. उजवीकडचे शून्य, आकड्यात दशांश चिन्ह असेल तर सार्थ, म्हणून ७.००० मध्ये चार आणि वरच्या ०.०५०२० मध्ये पण चार, कारण सुरुवातीचे दोन गेले, मधला राहिला, शेवटचा राहिला.

डावीकडचे शून्य का सोडायचे हे पटत नसेल तर युनिट बदलून बघा. एका तारेची लांबी ०.०४५६० मीटर. तीच ४.५६० सेमी, तीच ४५.६० मिमी. माप एकदाच घेतलं, पट्टी तीच, मग युनिट बदलल्याने मापाचा बारीकपणा वाढेल का? नाही ना. ४.५६० मध्ये चार अंक सरळ दिसतायत, म्हणजे ०.०४५६० मध्ये पण चारच असले पाहिजेत, आणि डावीकडचे दोन शून्य निव्वळ मीटर हे युनिट मोठं असल्यामुळे आले. मला ही युनिट बदलायची युक्ती सगळ्या नियमांपेक्षा भारी वाटते, कारण शंका आली की कागदाच्या कोपऱ्यात दहा सेकंदात करून बघता येते, आणि जो शून्य युनिट बदलल्यावर गायब होतो तो सार्थ नव्हताच हे डोळ्यांनी दिसतं.

पण हीच तार मायक्रोमीटरमध्ये लिहिली तर ४५,६०० होते, आणि इथे खरी अडचण सुरू होते. शेवटी दोन शून्य आहेत आणि दशांश चिन्ह नाही. आपल्याला माहितीये की पहिला शून्य मोजलेला आहे आणि दुसरा भरतीचा, पण वाचणाऱ्याला हे कसं कळणार? त्याला तीन वाटतील, चार वाटतील, पाच पण वाटू शकतील. दशांश चिन्ह नसलेल्या आकड्याचे शेवटचे शून्य हे संदिग्ध असतात. पुस्तकात साधारणपणे ते सार्थ नाहीत असं धरायला सांगतात आणि परीक्षेत तसंच धरा, पण हा सोयीसाठी केलेला ठराव आहे, आकड्याकडे नुसतं बघून खरं काय ते कळत नाही.

याचं सगळ्यात छान उदाहरण एव्हरेस्टच्या उंचीचं. १८५६ मध्ये ही उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. असं सांगतात की हिशोबातून उत्तर बरोबर २९,००० फूट आलं होतं, पण ते तसंच छापलं तर लोक म्हणतील की हजारात गोळाबेरीज केलीये, म्हणून दोन फूट वाढवले. किस्सा खरा धरा किंवा नुसता सांगोवांगी, अडचण मात्र शंभर टक्के खरी आहे, २९,००० मधले तिन्ही शून्य मोजून आले असतील तरी ते तसे दिसत नाहीत. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली, त्यात मात्र दशांश चिन्ह असल्यामुळे काही शंकाच नाही, सहा सार्थ अंक आणि दावा सेंटीमीटरपर्यंतचा.

यावरचा उपाय म्हणजे घातांकात लिहिणं, म्हणजे सायंटिफिक नोटेशन. ४५,६०० हे ४.५६० × १०^४ असं लिहिलं की चार अंक आहेत हे स्पष्ट, आणि ४.५६ × १०^४ लिहिलं की तीन. १० चा घात सार्थ अंकात धरायचा नाही, फक्त पुढचा भाग मोजायचा. काही पुस्तकांत शेवटच्या सार्थ शून्यावर आडवी रेघ देतात, किंवा आकड्याच्या शेवटी नुसता पॉइंट देतात, ४५००. असा. पॉइंटवाली पद्धत मला अजिबात आवडत नाही कारण वाक्याच्या शेवटी आकडा आला की तो पॉइंट आहे का पूर्णविराम हेच कळत नाही. घातांकातच लिहा, कोणी बोट ठेवणार नाही.

आता काही आकड्यांना हे सगळं लागूच होत नाही. मोजून घेतलेल्या वस्तू, म्हणजे १२ परीक्षानळ्या, २० दोलनं, या आकड्यांत अनिश्चितता नाही, त्यांचे सार्थ अंक अनंत धरायचे. परिघाच्या सूत्रातला २ तसाच. ठरवून दिलेली रूपांतरं पण तशीच, १ मीटर म्हणजे १०० सेमी, १ इंच म्हणजे २.५४ सेमी, हे व्याख्येनेच बरोबर आहेत, म्हणून २.५४ मध्ये तीन अंक दिसतात तरी तुमचं उत्तर तीन अंकांवर आणायची गरज नाही. प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद हा १९८३ पासून व्याख्येनेच ठरलेला आहे, आणि २०१९ पासून प्लँकचा स्थिरांक आणि ॲव्होगॅड्रो संख्या पण. याउलट गुरुत्व स्थिरांक जी अजूनही मोजावाच लागतो, आणि तो ६.६७४३०(१५) × १०^-११ असा छापतात, कंसातला १५ म्हणजे शेवटच्या दोन अंकांत साधारण इतकी अनिश्चितता आहे. म्हणजे स्थिरांक दिसला की तो व्याख्येतला आहे का मोजलेला आहे हे आधी बघायचं.

गणितं करताना काय करायचं ते आता. बेरीज-वजाबाकीत सार्थ अंक मोजायचेच नाहीत, दशांश स्थळं बघायची, ज्या आकड्यात सगळ्यात कमी दशांश स्थळं असतील तेवढीच उत्तरात. १२.४ + ३.२५६ + ०.०८ = १५.७३६, पण पहिल्या मापात पॉइंटनंतर एकच अंक माहितीये म्हणून उत्तर १५.७. गुणाकार-भागाकारात मात्र सार्थ अंक बघायचे, सगळ्यात कमी असतील तेवढे उत्तरात. एका पत्र्याची लांबी ६.४२ सेमी आणि रुंदी ३.१ सेमी, कॅल्क्युलेटर म्हणतो १९.९०२, आपल्याला दोनच अंक ठेवायचे म्हणजे २०. आणि बघा, लगेच तीच अडचण परत आली, २० मधला शून्य सार्थ आहे पण तसा दिसत नाही! म्हणून २.० × १०^१ चौरस सेमी लिहायचं.

बेरजेचा नियम गुणाकाराला आणि गुणाकाराचा बेरजेला लावणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे. आणि वजाबाकीत एक धोका असतो जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रिकामी बशी २५.२७ ग्रॅम, पावडर टाकल्यावर २५.३२ ग्रॅम. दोन्ही मापं चार-चार सार्थ अंकांची, अगदी झकास. पण पावडरचं वजन ०.०५ ग्रॅम, म्हणजे एकच सार्थ अंक उरला! आता पुढे या वजनावरून काहीही काढा, घनता काढा, मोल काढा, कितीही भारी फ्लास्क वापरा, उत्तर एका अंकाच्या वर जात नाही. म्हणून प्रयोगाचं प्लॅनिंग करतानाच बघायचं की आपण दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी करतोय का, आणि करत असू तर जास्त पावडर घ्यायची नाहीतर जास्त बारीक काटा वापरायचा.

बेरीज आणि गुणाकार मिक्स असतील तर टप्प्याटप्प्याने जायचं. भरलेली बाटली ५२.३७ ग्रॅम, रिकामी ३१.४६ ग्रॅम, द्रवाचं आकारमान २५.० मिली. वजाबाकी २०.९१, दोन दशांश स्थळं, म्हणजे चार सार्थ अंक. मग भागिले २५.०, त्यात तीन अंक, म्हणून उत्तर तीन अंकांत, ०.८३६४ चं ०.८३६ ग्रॅम प्रति मिली. पॉइंटच्या आधीचा शून्य धरायचा नाही हे आता सांगायला नको.

लॉगरिदमचा नियम वेगळा आहे आणि केमिस्ट्रीवाल्यांना तो लागतोच. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा ऋण लॉगरिदम. पीएच ३.७२ असेल तर त्यात सार्थ अंक तीन नाहीत, दोन आहेत, कारण पॉइंटच्या आधीचा ३ फक्त १० चा घात किती ते सांगतो. म्हणून हायड्रोजन आयनांची संहती १.९ × १०^-४ मोल प्रति लिटर, १.९१ नाही.

राऊंड ऑफ करताना पुढचा अंक ५ पेक्षा कमी तर सोडून द्यायचा, जास्त तर एक वाढवायचा, एवढं सगळ्यांना येतं. नेमका ५ असेल आणि त्याच्यापुढे काही नसेल तर आधीचा अंक सम ठेवायचा, २.४५ चं २.४ आणि २.५५ चं २.६. असं का, तर प्रत्येक वेळी वरच ढकललं तर खूप रीडिंगच्या सरासरीत उत्तर थोडं थोडं वर सरकत जातं. पण २.४५१ असेल तर ते निम्म्यापेक्षा जास्त आहे, सरळ २.५. सॉफ्टवेअरवर डोळे झाकून विसंबू नका, पायथनचं राऊंड २.५ चे २ करतं आणि एक्सेलचं राऊंड ३ करतं, दोघांचे ठराव वेगळे आहेत. आणि राऊंड एकाच फटक्यात करायचं, २.४४९ चं आधी २.४५ आणि मग २.५ असं दोनदा करायचं नाही, सरळ २.४.

आता लंबक, कारण यात सगळं एकदम येतं. दोऱ्याची लांबी ०.८२३ मीटर, २० दोलनांना लागलेला वेळ स्टॉपवॉचवर समजा ३६.४२ सेकंद दिसला. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण बटण दाबणारं बोट तुमचं आहे, आणि बोटाला रिॲक्ट व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. म्हणजे तो शेवटचा २ घड्याळाने प्रामाणिकपणे दाखवलाय पण प्रयोगात त्याला काही अर्थ नाही, ३६.४ लिहा. आता भागिले २०. इथे २० मध्ये सार्थ अंक एक का दोन असा विचार करत बसू नका, ती एक-एक करून मोजलेली, अनिश्चितता नसलेली संख्या आहे, म्हणून एका दोलनाचा काळ १.८२ सेकंद, तीन अंक. (२० दोलनं घेण्यामागचं कारण पण हेच, बोटाची चूक २० दोलनांत वाटली जाते.)

गुरुत्व त्वरण काढायला ४ × पायचा वर्ग × लांबी भागिले काळाचा वर्ग. कॅल्क्युलेटरवर पाय हे बटण वापरून सलग केलं तर ९.८०८८ येतं, तीन अंकांत ९.८१. आता तेच गणित करताना काळाचा वर्ग ३.३१२४ आला आणि तो तुम्ही मध्येच ३.३१ करून टाकला तर उत्तर ९.८२ येतं. पाय ३.१४ घेतला तर ९.८०. माप तेच, सूत्र तेच, तरी तीन वेगळी उत्तरं, आणि फरक फक्त मध्येच राऊंड केल्यामुळे. म्हणून मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक जास्तीचे ठेवा, कॅल्क्युलेटरच्या मेमरीत ठेवलं तर सगळ्यात बरं, आणि राऊंड फक्त शेवटी.

पण अजून एक गोष्ट, आणि ही फार कमी ठिकाणी सांगतात. ३६.४ सेकंदात ०.२ सेकंदाची चूक म्हणजे साधारण अर्धा टक्का. सूत्रात काळाचा वर्ग आहे म्हणून ती दुप्पट, एक टक्का. ९.८१ चा एक टक्का म्हणजे जवळपास ०.१. मग ९.८१ मधल्या त्या १ वर किती विश्वास ठेवायचा? नियमाने तीन अंक बरोबर आहेत, पण खऱ्या रिपोर्टमध्ये ९.८ ± ०.१ लिहिणं जास्त प्रामाणिक. कधी उलटं पण होतं. ९.८ × १.२४ = १२.१५२, नियमाने १२ लिहायचं, पण ९.८ हे माप दोन अंकी असलं तरी त्यातली अनिश्चितता एक टक्क्याच्या आसपास आहे आणि १.२४ मधली पण तेवढीच, तर १२ लिहून आपण हातात असलेली माहिती फेकून देतोय, १२.२ ± ०.२ लिहिलं असतं तर बरं झालं असतं. सार्थ अंकांचे नियम हा अनिश्चिततेचा झटपट हिशोब आहे, पूर्ण हिशोब नाही. परीक्षेत नियम पाळा, ± देता येत असेल तिथे ± द्या, आणि ± मधला आकडा सहसा एकाच अंकात लिहून उत्तराचा शेवटचा अंक त्याच्याच दशांश स्थळावर थांबवा. ९.८०८८ ± ०.१ असं लिहिणं म्हणजे पहिल्या दशांशालाच शंका आहे म्हणायचं आणि चौथ्यापर्यंत सांगत सुटायचं.

रीडिंग कॉम्प्युटरवर टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. स्प्रेडशीटमध्ये २४.६० टाइप केलं की एंटर दाबल्यावर ते २४.६ होतं, शून्य गुपचूप गायब. सेलच्या फॉरमॅटमध्ये जाऊन दशांश स्थळं दोन करा, आणि पूर्ण कॉलमलाच करा, नाहीतर काही रीडिंग दोन स्थळांची आणि काही एका स्थळाची दिसतील आणि बघणाऱ्याला वाटेल दोन वेगवेगळ्या ब्युरेट वापरल्या.

हात बसायला हे करून बघा, उत्तरं झाकून: ०.००६०८०, ६०.०, ५,२०,०००, १.०० × १०^-३, ९०.०९०, आणि ४८ विद्यार्थी. पहिल्यात चार, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात ठरावाने दोन पण खरं तर दोन ते सहा काहीही, चौथ्यात तीन, पाचव्यात पाच, आणि शेवटच्यात अनंत. तिसऱ्याचं उत्तर नुसतं "दोन" आलं असेल तर एव्हरेस्टवाला भाग परत एकदा वाचा.